दिवा विझला म्हणजे दोष गेला का?

एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीत एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी व्यवस्था, सक्तीची झाली. त्या सुमारास घेतलेल्या गाड्यांची वॉरंटी आता संपली आहे आणि त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरऐवजी तालुक्याच्या गावातल्या गॅरेजात येऊ लागल्या आहेत. बऱ्याच गाड्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा घेऊन येतात. ब्रेक तर लागतोच आहे, म्हणून मालक तो दिवा महिनोन्महिने चालवून घेतो. शेवटी गाडी गॅरेजात आली की पहिला संशय जातो चाकाजवळच्या वेगाच्या सेन्सरवर.

तो संशय खरा की खोटा, हे कसे ठरवायचे यावर दोन ठाम मते आहेत. ती समोरासमोर यावीत म्हणून पुढचा संवाद रचला आहे. जागा शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरची, कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या अलीकडची. एकीकडे आयुष्यभर ब्रेकचे काम केलेले काका, दुसरीकडे आयटीआय करून त्यांच्याच गॅरेजात गाड्यांचे इलेक्ट्रिक काम बघणारी पुतणी. बाहेर पाऊस आहे आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत आहे.

काका : स्कॅनरवर दोषाचा कोड वाचलास ना? डाव्या पुढच्या चाकाचा सेन्सर. मग आता विचार कसला करतेस? कोल्हापूरहून सेन्सर मागव, लाव, कोड पूस. त्यांना अंधार पडायच्या आत घाट उतरून साखरप्याला पोचायचंय.

पुतणी : काका, सेन्सर खराब आहे असं कोड म्हणतच नाही. ‘सी ००३५’ म्हणजे डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. त्या सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याची वायर आली, कपलर आलं, एबीएसच्या कंट्रोल युनिटपर्यंतचं वायरिंग आलं. शिवाय सेन्सर ज्या रिंगवर नजर ठेवून असतो ती रिंग बिघडली तरी बोट याच चाकाकडे जातं. कोणत्या घरात भांडण आहे एवढं कोडनं सांगितलं. भांडण कुणी काढलं ते आपण शोधायचं.

काका : शोधायचं कबूल. पण बहुतेक वेळा सेन्सरच निघतो. बिचारा चाकाजवळ चिखलात, पाण्यात, ब्रेकच्या उष्णतेत दिवस काढतो. मग सुरुवात त्याच्यापासून केली तर बिघडलं कुठं?

पुतणी : बिघडतं ते काढताना. नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या धातूच्या भागात, गंजून बसलेला सेन्सर तुम्ही किती वेळा धडका बाहेर काढलाय? प्लास्टिकचं अंग तिथंच तुटतं. तो चांगला होता की वाईट, हे मग कधीच कळत नाही. नवा घ्यावाच लागतो आणि तो दोषी होता असं आपण धरून चालतो.

काका : हां, हे खरं. ओढला की तुकडा हातात.

पुतणी : म्हणून पाना लावायच्या आधी कपलरवर मोजायचं. सेन्सर जागच्या जागी ठेवून.

काका : मग लाव मीटर. ओहमवर टाक. हजार-दीड हजार ओहम दाखवलं तर चांगला, काहीच नाही दाखवलं तर गेला. हे मलाही येतं.

पुतणी : ते जुन्या जातीच्या सेन्सरला लागू आहे. त्यात चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. समोरून दातेरी रिंग फिरली की वेटोळ्यात स्वतःचीच वीज तयार होते. त्याचा ओहम मोजता येतो. चाक हातानं गरागरा फिरवलं की मीटरवर एसी व्होल्टेज उमटतं आणि वेग वाढवला की तेही वाढतं. अगदी हळू चालताना मात्र तो जवळजवळ आंधळा होतो. आजच्या बहुतेक गाड्यांत दुसरी जात आहे. तिला कंट्रोल युनिटकडून साधारण १२ व्होल्ट मिळतात आणि ती करंटच्या भाषेत बोलते. एकदा ७ मिलिअँपिअर, एकदा १४, पुन्हा ७. चाक कासवाच्या गतीनं फिरलं तरी तिला कळतं. त्या सेन्सरला ओहमचं मीटर लावून काहीच सिद्ध होत नाही, उलट आतल्या चिपला इजा होऊ शकते.

काका : मग कोणती जात आहे हे ओळखायचं कसं?

पुतणी : तारा दोन्हीला दोनच असतात, त्यामुळं तारा मोजून कळत नाही. चावी ऑन करून पुरवठा बघायचा. वायरिंगच्या बाजूनं बॅटरीच्या आसपास व्होल्टेज येत असेल तर नवी जात. तेही शक्यतो कपलर जोडलेलं ठेवून, मागच्या बाजूनं बारीक पिन सरकवून. कारण कपलर सोडलं की काही गाड्यांत कंट्रोल युनिटला सर्किट तुटलेलं दिसतं आणि ते त्या तारेचा पुरवठाच बंद करतं. मग आपण म्हणतो व्होल्टेज येत नाही, युनिट गेलं. एका चुकीच्या मोजणीनं भलतंच महागडं निदान.

काका : आणि बल्बचा टेस्टर?

पुतणी : या तारांना नको. बल्ब जेवढा करंट ओढतो तो मिलिअँपिअरवर चालणाऱ्या सर्किटला झेपत नाही. वायरच्या कातडीला टोचूनही बघायचं नाही. आपल्या पावसात त्या भोकातून पाणी शिरतं आणि चार महिन्यांनी तांबं हिरवं पडतं.

काका : बरं. पण एक सांग, हे सगळं एका दिव्यासाठी? एबीएस नसलेल्या गाड्या आम्ही याच घाटातून चालवल्या. ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. बॉशनं मर्सिडीजला चारही चाकांवर चालणारं इलेक्ट्रॉनिक एबीएस दिलं तेच १९७८ साली. त्याआधी लोक घाट उतरत नव्हते का?

पुतणी : उतरत होते, कारण तुमच्या पायाला ते शिकवलेलं होतं. खुर्चीत बसलेत त्यांचं वय बघा. त्यांना शिकवलंय की संकटात ब्रेक पूर्ण जोरानं दाबून धरा आणि स्टेअरिंगनं गाडी वाचवा. एबीएस चालू असेल तर ते बरोबर आहे. दिवा लागला की एबीएस बंद पडतं, साधा ब्रेक उरतो. गाडी जुन्या काळातली होते आणि चालवणाऱ्याची सवय नव्या काळातलीच राहते. ओल्या वळणावर पुढची चाकं जाम झाली की स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते.

काका : हे मात्र मी मानलं. आणि पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर मी गाडी सोडतच नाही. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही गेलेली असू शकते. मग मागची चाकं आधी धरतात आणि गाडी गिरकी घेते. तेल कमी आहे का, ते आधी बघायचं.

पुतणी : इथं फक्त पिवळा आहे. मी कोड पुसून चावी ऑन केली. दिवा लागला, तपासणी संपल्यावर विझला. म्हणजे गाडी उभी असताना सर्किट जोडलेलं आहे. तार कायमची तुटली असती तर कोड लगेच परत आला असता.

काका : आता माझं ऐक. स्कॅनर हातात घ्यायच्या आधी मी गाडीभोवती एक चक्कर मारतो. चारही टायर एकाच मापाचे आहेत का? बऱ्याच गाड्यांची स्टेपनी लहान असते. पंक्चर झालं, स्टेपनी लावली, तशीच आठवडाभर फिरवली. लहान चाक जास्त वेगानं फिरतं. तुझ्या कंट्रोल युनिटला वाटतं तीन चाकं एक सांगतात आणि चौथं खोटं बोलतंय. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. मग हात घालून चाक हलवून बघायचं. बेअरिंगला खेळ असेल तर सेन्सर आणि रिंगमधली फट कमी-जास्त होते. ती फट एक मिलिमीटरच्या आसपास असते, तिथं अर्धा मिलिमीटरसुद्धा खूप झाला.

पुतणी : टायर सारखे आहेत. बेअरिंगला खेळ नाही. पण ते बदललेलं दिसतंय, म्हणून मला तिथंही शंका होती. नव्या बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाची पट्टी असते, उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण अशी. दाते नसतातच. बेअरिंग उलट्या बाजूनं ठोकलं तर पट्टी पलीकडं जाते आणि सेन्सरसमोर काहीच राहत नाही. सीलवर हातोडा बसला तरी पट्टी खराब होते. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच. चुंबकाचं कार्ड नाहीतर हलकी टाचणी जवळ नेली की कळतं कोणती बाजू ओढते.

काका : मग इथं बेअरिंग उलटं आहे?

पुतणी : नाही. ते उलटं असतं तर या चाकाचा वेग कायम शून्य दिसला असता. मी मघाशी ट्रायल मारली तेव्हा लाइव्ह डेटामध्ये चारही चाकं अडतीसच्या आसपास होती. मधेच डावं पुढचं एकदम शून्यावर गेलं आणि परत आलं. आता प्रश्न असा की ते केव्हा जातं.

काका : केव्हा जातं म्हणजे?

पुतणी : रिंगला तडा असेल किंवा चुंबकाच्या पट्टीचा एक भाग मेला असेल, तर चूक चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा, ठरलेल्या जागी होते. तार किंवा कपलर असेल तर चूक खड्ड्याला होते, वळणाला होते, पावसात होते. रस्त्याच्या तालावर येते, चाकाच्या तालावर नाही. फक्त इथं स्कॅनरवर आंधळा भरवसा नको. या गाडीचं चाक एका फेरीत दोन मीटरच्या आसपास जातं. ताशी ३६ किलोमीटरला गाडी सेकंदात दहा मीटर जाते, म्हणजे पाच फेऱ्या. स्कॅनरचे आकडे तेवढ्या झपाट्यानं बदलत नाहीत, तडा मधल्या मधे निसटतो. तो पकडायला गाडी अगदी हळू चालवायची नाहीतर ऑसिलोस्कोप लावायचा.

काका : किंवा माझा पाय लावायचा. तडकलेली रिंग मला पेडलवर कळते. गाडी थांबता थांबता, अगदी आठ-दहाच्या वेगाला, पेडल गुरगुरतं. कोरडा रस्ता, हलका ब्रेक, तरी पायाखाली थरथर. त्या वेळी दिवाही नसतो आणि तुझ्या स्कॅनरमध्ये कोडही नसतो.

पुतणी : हो, कारण तडा रुंदावला की तिथं पुढचा दात उशिरा येतो. कंट्रोल युनिटला वाटतं चाक अचानक मंदावलं, जाम होतंय. ते त्या चाकाचा दाब सोडतं. सिग्नल तुटलेला नसतो, म्हणून कोड पडत नाही.

काका : आणि थांबायची गाडी हातभर पुढं सरकते, पुढच्या गाडीवर. हा दिव्यापेक्षा वाईट दोष. खात्री करायची माझी रीत साधी आहे. मोकळ्या रस्त्यावर एबीएसचा फ्यूज काढून हळू ट्रायल मारायची. थरथर गेली तर एबीएस उगाच मधे पडत होतं. राहिली तर डिस्क वाकडी आहे का ते बघायचं. आणि फ्यूज आठवणीनं परत बसवायचा.

पुतणी : ही माझ्या पुस्तकात नव्हती, पण परीक्षा म्हणून चोख आहे. एक गोष्ट बदलली, बाकी तीच ठेवली. इथं मात्र थरथर नाही. डेटा तुटतो तो स्पीडब्रेकरवरून चाक खाली पडताना. म्हणून मी गाडी जॅकवर घेतली, चाक लोंबतं ठेवलं, स्टेअरिंग पूर्ण डावीकडं फिरवलं आणि पिनवरचं व्होल्टेज बघत वायर हलवत गेले. शॉकअपजवळ काही नाही. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक काढून कपलर हलवलं, तिथं व्होल्टेज पडलं.

काका : थांब, मी बघतो. … हं. एक पिन सैल आहे. बोटाला कळतंय, दुसरीसारखी आवळून बसत नाही. आणि हे हिरवं बघ. पाणी आत गेलंय, रबराची रिंग जागेवर नाही. बेअरिंग बदलताना कुणीतरी कपलर ओढून काढलंय.

पुतणी : म्हणजे सेन्सर ठीक आहे.

काका : ठीक. पण आता मला एक सांग. आपण सरळ नवा सेन्सर लावला असता, त्याचं कपलर या कपलरात दाबलं असतं, तरी दिवा गेला असता की नाही?

पुतणी : गेला असता. आणि माझा सगळा आग्रह त्याच्यासाठीच आहे. कपलर काढून परत लावताना पिनवरची घाण घासली जाते, सैल पिन जरा नीट बसते. दिवा विझतो, गिऱ्हाईक पैसे देतं, आपण म्हणतो सेन्सरच होता. पुढच्या मोठ्या पावसात, घाटात, दिवा परत लागतो. डाव्या-उजव्या सेन्सरची अदलाबदल करून बघण्यातही हाच धोका आहे. अदलाबदल करताना दोन्ही कपलरं हाताळली जातात आणि दोष काही दिवस लपून बसतो. दिवा विझणं हा पुरावा नाही, काका. दोष आपल्या इच्छेनं आणता आला पाहिजे. दुरुस्तीनंतर त्याच रीतीनं आणायचा प्रयत्न केला तरी तो आला नाही पाहिजे. तेव्हाच तो गेला म्हणायचं.

काका : आणि जो दोष आणताच येत नाही? महिन्यातून एकदा येणारा?

पुतणी : वायर हलवायची, कपलरवर पाण्याचा हलका फवारा मारायचा, कोड पडला तेव्हा वेग किती होता ती नोंद स्कॅनरमध्ये मिळत असेल तर त्या वेगाला ट्रायल मारायची. तरीही आला नाही तर गिऱ्हाइकाला सांगायचं की सापडला नाही. दिवा कुठं लागला, पाऊस होता का, वळण होतं का, हे लिहून ठेवा म्हणायचं. अंदाजानं भाग बदलून दोष सापडला असं सांगायचं नाही.

काका : बोलायला सोपं आहे. नवा सेन्सर लावला तर बिलावर वस्तू दिसते, लोक पैसे देतात. तू तासभर वायर हलवलीस आणि एक पिन बदललीस, तर म्हणतील पिनचे एवढे पैसे? आपल्याकडं शोधण्याचे पैसे कुणी देत नाही. गॅरेजचं भाडं त्या पैशांतूनच निघतं, हे तू विसरू नकोस.

पुतणी : विसरले नाही. म्हणून बिलावर वेगळी ओळ लिहायची, ‘तपासणी’. तपासणीची रक्कम काम हातात घ्यायच्या आधीच सांगायची. सैल पिन त्यांना दाखवायची, फोटो काढून द्यायचा. नको असलेल्या सेन्सरचे पैसे वाचले, हेही सांगायचं.

काका : काही जण तरीही कुरकुरतील.

पुतणी : कुरकुरतील. पण दिवा परत लागला तर तेच लोक आपल्याकडं यायचं सोडतील.

काका : त्यावर माझी खात्री नाही. पण आजची पिन बदल. आणि पिना दाबून बसव, डाग नको देऊस. हलत्या जागी डाग दिलेली तार कडक होते आणि बाजूलाच तुटते. दोन तारांचा पीळ आहे तसाच ठेव.

पुतणी : पीळ ठेवते, नाहीतर बाहेरचा विद्युत गोंधळ तारेत शिरतो. रबराची रिंग नवी टाकते. मग स्टेअरिंग डावीकडं, चाक लोंबतं, तीच परीक्षा परत. त्यानंतर ट्रायल. काही गाड्यांत चाकं खरोखर फिरलेली बघितल्याशिवाय एबीएसचा दिवा विझत नाही, म्हणून गाडी उभी ठेवून निर्णय नको.

काका : ट्रायलला मी येतो. मोकळा ओला रस्ता बघून एकदा जोरात ब्रेक मारू. एबीएस पायाखाली जागं झालेलं मला कळलं पाहिजे. तुझा स्कॅनरवरचा आलेख मला पुरत नाही.

पुतणी : मला तुमचा पाय पुरत नाही. दोन्ही बघू.

पैशांचा त्यांचा वाद मिटलेला नाही, आणि तो खोटा वाद नाही. लहान गॅरेज भाग विकून आणि मजुरी घेऊन जगते. विचार करण्याची मजुरी आपण अजून द्यायला शिकलेलो नाही. याच कारणामुळे अंदाजाने भाग बदलण्याची रीत टिकून आहे. तिचा सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणे अन्याय होईल. गाडीचा मालकही त्यात सामील आहे. त्याला दिवा लवकर विझायला हवा असतो, आणि विझलेल्या दिव्याखाली काय आहे हे तो विचारत नाही.

तरी माझे मत पुतणीच्या बाजूचे आहे, काकांच्या दुरुस्त्यांसह. बॅटरी गेली तर गाडी सुरू होत नाही आणि सगळ्यांना कळते. क्लच गेला तर चढावर कळते. एबीएस गेलेले मात्र रोजच्या चालवण्यात जाणवत नाही. ते हवे असते वर्षातून एखाद्या क्षणी, आणि तो क्षण तपासणीची दुसरी संधी देत नाही. म्हणून इथे ‘चालून जाईल’ ही कसोटी चालणार नाही. काकांची गाडीभोवतीची चक्कर, पेडलवरचा पाय आणि बोटांची ओळख यांची जागा स्कॅनर घेऊ शकत नाही. पण या सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट करायची आहे: भाग बदलण्याआधी दोष सिद्ध करायचा.

गाडी नेताना मालकाने तीन प्रश्न विचारावेत. दोष नेमका कुठे होता? तो कसा सापडला? आणि तो गेला हे कशावरून? या तिन्हींची उत्तरे देणाऱ्या गॅरेजला तपासणीचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. घाट उतरताना आपण भरवसा ठेवतो तो त्या उत्तरांवरच.